खिडकीही बंद, पडदाही बंद

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली आणि पुढल्याच वर्षी तिचे रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. तेव्हापासून या पट्ट्यातील माणसाचे आयुष्य गाडीच्या वेळापत्रकाशी जखडले गेले आहे. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर जो लोंढा दिसतो, त्यात शिक्षक असतात, कारकून असतात, विद्यार्थी असतात. आणि त्याच लोंढ्यात, हातातील पांढरी काठी सावरीत, दिव्यांगांसाठी राखलेल्या डब्याची जागा शोधणारे अंध प्रवासीही असतात. ही जागा त्यांना सापडावी म्हणून उपनगरी स्थानकांवर त्या डब्याच्या थांब्यापाशी टुकटुक आवाज करणारी छोटी यंत्रे बसविण्यात आली. साधन किरकोळ, पण त्याचा अर्थ मोठा आहे. कोणाचा हात न धरता, कोणाची विनवणी न करता, अंध माणूस आपल्या डब्यापाशी जाऊन उभा राहू शकतो.

गाडीत बसल्यावर तोच प्रवासी खिशातून मोबाइल काढतो. पडद्यावर काळोख असतो, कारण त्याला पडद्याची गरज नसते. कानातल्या यंत्रात एक आवाज इतक्या वेगाने बोलत असतो, की शेजारच्या डोळस माणसाला त्यातले चार शब्दही उमगू नयेत. तो बातम्या वाचीत असतो, कचेरीचा पत्रव्यवहार पाहत असतो, मुलीच्या शाळेची फी भरण्याच्या खटपटीत असतो. बातम्या वाचून होतात, पत्रांना उत्तरे जातात. फीपाशी मात्र गाडे अडते. पडद्यावर कोठेतरी एक कळ आहे. ती दाबली की काम होणार आहे. पण कानातला आवाज एवढेच सांगतो : ‘बटन’. पुढे सरकले की पुन्हा ‘बटन’. आणखी पुढे, पुन्हा ‘बटन’. कोणते बटन कशाचे, हे संकेतस्थळ बांधणाऱ्याने लिहून ठेवलेलेच नाही. गाडी ठाणे सोडून मुंबईत शिरते, तरी फी भरलेली नसते.

फलाटाने जे शिकून घेतले ते संकेतस्थळांनी अद्याप शिकलेले नाही, आणि ते न शिकल्याची किंमत मात्र रोज वाढते आहे. कारण पूर्वी खिडकीवर होणारी कामे आता केवळ पडद्यावर होऊ लागली आहेत. या अन्यायाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

ऐकण्याचे वाचन

अंधांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. हे सारे प्रयत्न मोलाचे आहेत. तरीही ब्रेलच्या काही मर्यादा होत्याच. ग्रंथ अवजड, छपाई खर्चिक आणि ब्रेलमध्ये उतरणारी पुस्तके थोडी. बाकी सर्व ज्ञानासाठी अंध विद्यार्थ्याला वाचून दाखविणारा कोणी तरी शोधावा लागे. त्याला सवड असेल तेव्हा वाचायचे, आणि त्याला कंटाळा आला की थांबायचे.

संगणकाने ही अवस्था पालटली. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन मोटारसायकल शर्यतपटू टेड हेन्टर यांनी १९८९ मध्ये ‘जॉज’ ही आज्ञावली बाजारात आणली. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या अशा आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. ती महाग होती. २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी ‘एनव्हीडीए’ ही दुसरी आज्ञावली रचली आणि ती जगाला विनामूल्य देऊन टाकली. आज ती मराठीही वाचते. मोबाइलमध्ये तर ही सोय आता उपजतच असते. काल ज्याला स्वतःच्या नावाने आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, तो आज ते स्वतः वाचतो. स्वतः वाचतो म्हणजेच एकांतात वाचतो. डोळसांना या एकांताची किंमत कळणे कठीण आहे.

या साधनाने काय घडू शकते याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता शाळेत, नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास त्यांनी स्क्रीन रीडरच्या साहाय्याने केला. २०१६ मध्ये त्या ७७३ व्या आल्या; रेल्वेच्या लेखा सेवेत निवड झाली, पण दृष्टी नसल्याच्या कारणावरून नियुक्ती नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि त्या भारतीय प्रशासन सेवेत केरळमध्ये रुजू झाल्या. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांनी उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे घेतली. बुद्धी त्यांची, जिद्द त्यांची; पण ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला तो कानाच्या वाटेने. ती वाट बंद असती तर ही बुद्धी आणि ही जिद्द कोठे अडून पडली असती, याचा विचार करावा.

दोष कोठे आहे?

मग अडचण नेमकी कोणती? ती समजण्यासाठी डोळ्याने वाचणे आणि कानाने वाचणे यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. डोळा अख्खे पान एका दृष्टिक्षेपात टिपतो. मथळा कोठे, जाहिरात कोठे, अर्ज कोठे, हे त्याला क्षणात कळते. कानाला मात्र एकामागून एकच शब्द ऐकता येतो. चाळीस दुव्यांनंतर मुख्य मजकूर असेल तर चाळीस दुवे ऐकावे लागतात. यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. पान रचताना मथळा हा मथळा म्हणून, तक्ता हा तक्ता म्हणून आणि बटन हे त्याच्या नावासह नोंदविले, की स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एक कळ दाबून या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उडी घेतो. छायाचित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहून ठेवले, तर ते त्याला ऐकू येते. अर्जातील प्रत्येक चौकटीला नाव दिले, तर कोणत्या चौकटीत जन्मतारीख आणि कोणत्या चौकटीत पिनकोड, हे त्याला कळते. हे न केल्यास पान डोळ्यांना देखणे दिसते, पण कानाला तो नुसता शब्दांचा ढिगारा असतो.

हे नियम कोणी गुप्त ठेवलेले नाहीत. वेबचे जागतिक संकेत ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ते पहिल्यांदा १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती काढली आणि २०१८ व २०२३ मध्ये त्यांत भर घातली. भारत सरकारनेही २००९ पासून आपल्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तरीही स्थिती काय आहे? अमेरिकेतील ‘वेबएम’ ही संस्था दर वर्षी जगातील दहा लाख प्रमुख संकेतस्थळांचे पहिले पान यंत्राद्वारे तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांपैकी ९४.८ टक्के पानांवर दोष आढळले. वारंवार सापडणारे दोष कोणते, तर चित्रास वर्णन नसणे, चौकटीस नाव नसणे, बटन वा दुवा निनावी असणे, पान कोणत्या भाषेत आहे याची नोंद नसणे. यांतील एकाही दोषाच्या निवारणासाठी संशोधन लागत नाही. लागते ती थोडी आस्था.

माणूस असल्याचा पुरावा

डोंबिवलीतील एका अंध पदवीधराचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. एका भरतीची जाहिरात आली. अर्ज केवळ ऑनलाइन. त्याने घरी बसून माहिती भरण्यास आरंभ केला. जन्मतारखेसाठी दिनदर्शिकेचे चित्र होते, आणि ते फक्त माउसने चालत होते. भावाने येऊन तारीख निवडली. छायाचित्र व सही चढविली. शेवटी पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरे आली : ‘आपण यंत्र नसून मनुष्य आहात हे सिद्ध करा.’ ती अक्षरे चित्रात होती. स्क्रीन रीडर चित्राबाबत मौन राहिला. ध्वनीचा पर्याय होता, पण त्यातून गोंगाटात बुडालेले परदेशी उच्चारांचे इंग्रजी आकडे ऐकू आले. तीन वेळा चूक झाली. तेवढ्यात ठरलेला वेळ संपला आणि भरलेला अर्ज पुसला गेला. दुसऱ्या दिवशी तो स्थानकाजवळच्या एका दुकानात गेला, तेथील मुलाला आपला सांकेतिक शब्द, आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला, पैसे मोजले आणि अर्ज भरून घेतला. ज्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता, ती दृष्टिहीनांसाठी राखीव होती.

या प्रसंगातील विपर्यास निराळा सांगावयास नको. ‘कॅप्चा’ नावाच्या या परीक्षेचा हेतूच मुळी मनुष्य आणि यंत्र यांत फरक करणे हा आहे. ती यंत्रांना रोखण्यासाठी काढली गेली. आता यंत्रे इतकी हुशार झाली आहेत, की अशी कोडी ती सहज सोडवितात. अडतो तो अंध माणूस. ज्या चाळणीतून खडे खाली पडतात आणि धान्यच वर अडकून राहते, ती चाळणी बदलावी, असे कोणाही गृहिणीला सुचेल.

त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका आपल्याला अहोरात्र बजावतात. पण संकेतस्थळ असे बांधावयाचे, की दुसऱ्याला ओटीपी सांगितल्यावाचून अंधाचे काम होऊ नये. आणि पुढे त्याची फसवणूक झाली, की ‘तुम्हीच सांगितला होता’ म्हणून हात झटकावयाचे, हा न्याय कोणता? घरातील विश्वासू माणूस मदतीला असला तरी प्रश्न सुटत नाही. आपल्या खात्यात किती पैसे आहेत, आपल्या तपासणीच्या अहवालात काय निघाले, आपण कोठे नोकरीसाठी अर्ज केला, हे आपल्याआधी दुसऱ्याने वाचावे, ही सक्ती प्रौढ माणसावर का?

मराठीची अधिक अडचण

हा झाला जगभराचा अनुभव. मराठी वाचकाच्या वाट्याला त्यावर आणखी अडचणी येतात आणि त्यांतील बहुतेक आपण आपल्या हातांनी निर्माण केल्या आहेत. देवनागरीसह जगातील लिपींना संगणकात एकच निश्चित सांकेतिक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत जुन्या पद्धतीचे फॉन्ट वर्षानुवर्षे चालू राहिले. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘अ’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात ते कोठले तरी रोमन चिन्ह असते. डोळ्याला फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र पोटातले वाचतो, आणि मग सुबोध मराठी परिपत्रकाच्या जागी अंधाच्या कानावर निरर्थक अक्षरांचा मारा होतो.

दुसरा प्रकार स्कॅनचा. कारकून संगणकावर परिपत्रक टंकलिखित करतो. ते कागदावर छापले जाते. त्यावर साहेबांची सही होते, शिक्का बसतो. मग तोच कागद यंत्रात घालून त्याचे छायाचित्र काढले जाते आणि ते संकेतस्थळावर चढविले जाते. म्हणजे जो मजकूर संगणकात अक्षररूपाने होताच, त्याचे खटाटोप करून चित्र बनविले जाते आणि ते अंधाला मुके होते. तीच गत शाळा-महाविद्यालयांची. परीक्षेचे वेळापत्रक, गुणवत्ता यादी, टिपणे, सूचना हे सारे आता व्हॉट्सॲपवर फोटोच्या रूपाने फिरते. फळ्यावर लिहिलेल्या गृहपाठाचा फोटो वर्गाच्या गटावर टाकला, की शिक्षकाला काम झाल्यासारखे वाटते; वर्गातील अंध विद्यार्थ्याला ‘फोटो’ एवढाच शब्द ऐकू येतो.

तिसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. पान मराठीत आहे, असे त्याच्या रचनेत नोंदविले नाही, तर स्क्रीन रीडर ते इंग्रजी आवाजात वाचावयास घेतो किंवा वगळून टाकतो. ही नोंद करण्यास एक ओळही पुरते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण केला, तो योग्यच होता. परंतु अभिजात भाषा सर्व मराठी माणसांना वाचता यावी, यासाठी ही एक ओळ लिहिण्याचे कष्टही कोणी घेऊ नयेत, हे त्या आनंदाशी सुसंगत नाही.

दया नव्हे, हक्क

हे सारे औदार्यावर सोडावयाचे काय? कायदा तसे म्हणत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. माहिती आणि दूरसंचार साधने दिव्यांगांना सुगम करण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. खासगी सेवा देणाऱ्यांनाही त्यातून वगळलेले नाही. परंतु नियम करताना त्यांची भाषा सूचनांची राहिली, आज्ञेची झाली नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके याच दोषावर बोट ठेवले. सुगम्यतेसंबंधीचा हा नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बँकेत खाते उघडताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखविण्याची अट ज्यांना पाळताच येत नाही, अशा माणसांचा हा प्रश्न होता. न्यायालयाने त्याबाबत वीस निर्देश दिले.

ऑस्ट्रेलियात ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार १९९९ मध्ये केली होती. खेळांपूर्वी संकेतस्थळ पुरेसे दुरुस्त झाले नाही, म्हणून २००० मध्ये आयोजकांना २०,००० डॉलर भरपाई द्यावी लागली. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून बँका, दुकाने, प्रवासी तिकिटे यांच्या डिजिटल सेवा सुगम्य असण्याचा कायदा लागू झाला आहे. तात्पर्य, हा भूतदयेचा विषय उरलेला नाही. इमारतीला जिना असतो तसाच हा तिच्या रचनेचा भाग आहे.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला, असे लोक किती? २०११ च्या जनगणनेने देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदविली. त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिदोषाचे. तेव्हा अखंड असलेला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर लोकसंख्येने देशात पहिला होता. पण संख्या थोडी असती तरी उत्तर तेच राहिले असते. जिन्याच्या कठड्याला किती माणसे धरून चढतात, हे मोजून कोणी कठडा बांधीत नाही. शिवाय मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेले निवृत्त शिक्षक आणि ज्यांना माउस धरता येत नाही असे आजारी लोक, यांनाही हीच सुधारणा उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून दार काढणे महाग पडते, हे खरे. नकाशातच दार दाखविले तर काय पडते? तिसरा आक्षेप नवा आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता आता चित्रांचे वर्णन करू लागली आहे, मग संकेतस्थळे बदलावयाची कशाला? ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. पण समोरच्या बागेचे वर्णन करताना अंदाज चुकला तर बिघडत नाही. पैसे पाठविण्याचे बटन आणि रद्द करण्याचे बटन यांत अंदाज चालत नाही. सगळे दोष एका फटक्यात दूर करण्याचे आश्वासन देणारी तयार साधनेही बाजारात मिळतात. अशाच एका कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरावयास लावले, हे लक्षात ठेवावे. पानाच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करण्याची तीन चिन्हे लावली, की कर्तव्य संपले, ही समजूतही त्याच जातीची. ज्याला अक्षरच दिसत नाही, त्याला ते मोठे करून काय उपयोग?

काय करता येईल

एकविसाव्या शतकाच्या आरंभी कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकृत कारभार आणि नागरी सुविधा केंद्रे सुरू केली, तेव्हा राज्यातील इतर पालिकांनी त्यांचा कित्ता गिरविला होता. आता दुसरा कित्ता घालून देण्याची संधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असे राज्याचे धोरण आहे. त्यातील थोडा अंश काढून पालिकेचे संकेतस्थळ स्क्रीन रीडर वापरणाऱ्या नागरिकांकडून, रीतसर मानधन देऊन, दर वर्षी तपासून घ्यावे आणि दोषांची यादी व दुरुस्तीची मुदत जाहीर करावी. नव्या कामाच्या निविदेतच सुगम्यतेची अट घालावी. ती पुरी झाल्यावाचून देयक मंजूर होऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्या विभागाने राज्याच्या सर्व संकेतस्थळांबाबत हीच शिस्त लावावी.

जोपर्यंत पडदा सर्वांना खुला होत नाही, तोपर्यंत खिडकी बंद करू नये. खिडकीमागे त्रासिक चेहऱ्याचा का होईना, पण माणूस होता. अर्ज कोठे सही करावयाचा, हे तो बोट धरून दाखवीत असे. त्याची जागा अशा यंत्राने घेतली, की जे अंधाशी बोलत नाही, तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. या परिसरातील महाविद्यालयांतून दर वर्षी संगणकशास्त्राचे विद्यार्थी मोठ्या संख्येने बाहेर पडतात आणि संकेतस्थळे बांधण्याच्या कामाला लागतात. त्यांना वर्षभरात एकदा तरी डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या कानाने, स्वतःच बांधलेल्या पानावर एक अर्ज भरावयास लावावा. शंभर व्याख्यानांपेक्षा तो एक तास अधिक शिकवील.

पण सर्व भार सरकारवर आणि संगणकतज्ज्ञांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. परिपत्रकाचे छायाचित्र काढणारा कारकून आपल्यातलाच आहे. गृहपाठाचा फोटो पाठविणारे शिक्षक आपणच आहोत. मंडळाच्या व्याख्यानमालेची रंगीत पत्रिका चित्ररूपाने फिरविणारे विद्यार्थीही आपल्याच घरातले आहेत. सही-शिक्क्याच्या प्रतीसोबत मूळ मजकूर युनिकोड मराठीत ठेवावा. फोटोखाली दोन ओळी लिहाव्यात. सूचना अक्षरांत पाठवावी. यास पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे अंधाने एक डोळाही मागितलेला नाही. डोळ्यांचे काम कानांकडून करून घेण्याची विद्या त्याने स्वतः, अनेक वर्षांच्या कष्टाने, संपादन केली आहे. तो एवढेच म्हणतो, की बटनावर नाव लिहा. फलाटावरच्या टुकटुक आवाजाने जर डब्याची जागा सांगता येते, तर ही मागणी पुरी करणे अवघड नाही.